रजिस्टरातला जातीचा रकाना, आरक्षणाचे मोर्चे आणि आपलं कोकण

वाशिष्ठीकाठ

माझी सगळी नोकरी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या प्राथमिक शाळांत झाली. निवृत्त झाल्यावरही लोक दारात येतात ते एकाच कामासाठी: "बाई, आमच्या आज्याचा शाळेचा उतारा मिळेल काय?" उतारा म्हणजे शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल. जातीच्या दाखल्यासाठी हवा असतो, पुढे त्या दाखल्याच्या पडताळणीसाठी हवा असतो. मराठा, कुणबी, ओबीसी, मुस्लिम आरक्षण यांवर टीव्हीवर जे चाललेलं असतं त्यात या उताऱ्याचं नाव कुणी काढत नाही, म्हणून हा धागा.

इतर मागासवर्गाचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. म्हणजे आज बारावीला बसलेल्या मुलीचं भवितव्य तिच्या आजोबा-पणजोबांच्या नावापुढे कुणा मास्तराने शाईच्या टाकाने काय लिहिलं त्यावर ठरतं. ते मास्तर वाईट नव्हते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की या रकान्यावर पुढे एवढं अवलंबून राहणार आहे.

मी पाहिलेल्या रजिस्टरांत कुणब्याच्या पोरापुढे बहुतेक ठिकाणी "कुणबी" आहे, काही ठिकाणी नुसतं "हिंदू". मुसलमानाच्या पोरापुढे जवळजवळ सगळीकडे "मुसलमान", एवढंच. मग त्याचा बाप तांबोळी असो, पिंजारी असो, नाहीतर मोठा जमीनदार. तांबोळी, पिंजारी, बागवान, मोमीन हे सगळे राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण यादीत असून उपयोग काय, कागदावर "तांबोळी" हे अक्षर नसेल तर? आणि बौद्ध घरांत १९५६ नंतर शाळेत गेलेल्या मुलांपुढे "बौद्ध" लिहिलेलं. त्यांनी ते अभिमानाने लिहून घेतलं, योग्यच केलं. पण दाखल्यासाठी पुन्हा १९५० च्या मागे जाऊन "महार" ही नोंद शोधावी लागते, आणि तेव्हा शाळेत गेलेला पूर्वज किती घरांत असणार?

तीन वेगळे समाज, आणि अडचण एकच. तरी हे तिघे एकमेकांसाठी कधी बोललेले मी ऐकले नाहीत. कुणबी मराठ्यांविरुद्ध मोर्चा काढतो, मुसलमान वक्फसाठी, म्हणजे धर्मकार्याला दिलेल्या मिळकतींसाठी, काढतो, बौद्ध समाज आपल्या प्रश्नासाठी वेगळा. त्यात मार्च २०२५ च्या शिमग्यात राजापूरला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. होळीचं झाड नेताना वाटेतल्या मशिदीच्या पायरीला टेकवायची ही तिथली जुनी रीत. त्या रात्री फाटकाशी रेटारेटी आणि घोषणा झाल्या, चित्रफीत देशभर फिरली, बाहेरच्यांनी तो मशिदीवरचा हल्ला ठरवला. पोलिसांनी हल्ला झाला नाही असं स्पष्ट केलं आणि घोषणांबद्दल गुन्हाही नोंदवला. त्या आठवड्यात माझ्याकडे उताऱ्यासाठी आलेली दोन माणसं, एक कुणबी आणि एक मुसलमान, ओट्यावर एकमेकांशी बोलली नाहीत. एरवी ती एकाच एसटीने येतात. मला याचा फार त्रास झाला.

माझं म्हणणं असं की आपल्या किनारपट्टीवर आरक्षणाचा खरा प्रश्न टक्क्यांच्या आधी नोंदीचा आहे, आणि तो जातीजातीत वाटून घेतल्यामुळे कुणाचाच सुटत नाही. तुमचे अनुभव लिहा.

परळचा चाकरमानी

बाई, कळकळ पटते, पण "टक्क्यांच्या आधी" हे आम्हा कुणब्यांना मान्य होणार नाही. राज्यात ओबीसींना १९ टक्के. त्यात शेकडो जाती. आता मराठा समाजाला कुणबी म्हणून दाखले दिले तर त्याच १९ मध्ये सगळ्यात मोठा समाज येऊन बसतो. शिवाय कुणबी केंद्राच्याही ओबीसी यादीत आहे, म्हणजे तिकडच्या २७ टक्क्यांतही वाटा. २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय हैदराबाद गॅझेटवर, म्हणजे निजामाच्या काळच्या नोंदींवर, आहे, तो मराठवाड्यापुरता, हे मला माहीत आहे. कोकण कधी निजामाकडे नव्हतंच. पण एकदा दार उघडलं की ते कुठवर उघडणार? ऑक्टोबर २०२५ मध्ये कुणबी समाज आझाद मैदानात बसला तो याच भीतीने. माझे वडील गिरणीत होते, मी तिथे होतो, आणि पुन्हा बोलावलं तर पुन्हा जाईन.

आणि दुसरं. कोकणात मराठा आणि कुणबी एक नव्हते. सोयरीक होत नव्हती, होत नाही. आमची आजी सांगायची, खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, घरी वेठीला जावं लागे, खळ्यातून भात उचलताना अर्धं खोताचं, आपल्याला उरेल ते. अर्धेल, तिर्धेल (पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा खोताला) हे शब्द आजच्या पोरांना माहीत नाहीत. ज्या घरांनी आम्हाला कुळ म्हणून राबवलं त्यांच्या नातवांनी "आम्हीही कुणबीच" म्हणावं, हे आतून लागतं हो.

आंबाघाट

परळकर, मी मराठा आहे, संगमेश्वर तालुक्यातला. आमच्या घरात खोती नव्हती. आमचा आजा दुसऱ्याच्या बागेत आंबे उतरवायचा. सगळे मराठे खोत नव्हते आणि सगळे खोत मराठे नव्हते. ब्राह्मण होते, मुसलमानही होते.

कोकणातल्या बऱ्याच मराठ्यांना कुणबी दाखला नको आहे. नारायण राणेंनी ते जाहीरपणे सांगितलं आहे आणि इथे मी त्यांच्याशी सहमत आहे. पण मग आम्ही काय करायचं? २०१४ चा अध्यादेश १६ टक्क्यांचा, कोर्टाने रोखला. २०१८ चा कायदा, हायकोर्टाने नोकरीत १३ आणि शिक्षणात १२ वर आणला, ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केला. आता २०२४ चा १० टक्क्यांचा. माझ्या मुलाने राज्याच्या परीक्षेसाठी एसईबीसीचा (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) दाखला काढला, केंद्राच्या परीक्षेसाठी ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल). दोन दाखले, दोन रांगा, आणि उद्या कोर्टात काय होईल याची खात्री नाही. त्याचं वय कुणासाठी थांबत नाही.

परळचा चाकरमानी

तुमच्या मुलाबद्दल माझ्या मनात काही नाही. त्याला वेगळं मिळावं, जरूर मिळावं. आमच्या ताटातून नको, एवढंच.

सावित्रीतीर

मी महाडचा, बौद्ध. खोतीचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो, कारण हा इतिहास आपल्या तिघाचौघांचा आहे आणि शाळेत तो तुकड्यातुकड्यांनी शिकवतात.

महाडचं चवदार तळं सगळ्यांना ठाऊक आहे, २० मार्च १९२७. त्याच्या मागे १९२३ चा मुंबई कायदेमंडळातला ठराव होता, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा. तो आणला सी. के. बोल्यांनी, म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले, भंडारी समाजाचे. तो महाडपुरता अमलात यावा म्हणून नगरपालिकेत ठराव केला सुरबानाना टिपणीसांच्या पुढाकाराने. त्याच तळ्यावर मुसलमान आणि ख्रिश्चन पाणी भरत होते, आम्हाला मात्र बंदी. आणि डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची तर मांडवाला कुणी जागा देईना, तेव्हा जागा दिली फत्तेखान यांनी. त्याच मांडवात २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तळं खाजगी आहे असा दावा करणाऱ्यांचा खटला मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ ला निकाली निघाला, म्हणजे पाणी प्यायला दहा वर्षं कोर्टात लढावं लागलं.

त्याच वर्षी, सप्टेंबर १९३७ मध्ये, बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत कुळांचा मोर्चा नेला. त्या मोर्च्यात कुणबी होते, महार होते, आगरी होते. अलिबागकडच्या चरी गावचा संप १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला, शेतकरी पुढारी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून कुळांनी सहा वर्षं जमीन कसली नाही. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही, खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. पण परळकर, तुमच्या आजीची वेठ आणि माझ्या आजीची वेठ एकाच मोर्च्यात चालली होती, हे मला तुम्हाला सांगायचं आहे.

मात्र मी इथे गोड चित्र रंगवायला आलेलो नाही. त्यानंतर आमच्या वाडीत पाणी कधी आलं, देवळाच्या सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवतात त्या ओट्यावर, आम्हाला कुठवर येऊ देतात, पालखी आमच्या वाडीच्या कुठल्या टोकापर्यंत येते, यावर अजून बोलणं होत नाही. कुणबी-मराठा वाद करताना दोन्ही बाजू "आमचा वाटा" म्हणतात; वाडीबाहेरची माणसं त्या हिशेबात येत नाहीत.

कातळावरचा

सगळ्यांचं वाचलं. माझा सरळ प्रश्न. धर्माच्या आधारावर आरक्षण घटनेला मान्य नाही असं आपण ऐकत आलो. मग मुस्लिमांना ओबीसीत कसं? आणि इस्लामात, ख्रिस्ती धर्मात जात नाही म्हणतात, तर जातीचा दाखला कशासाठी? बौद्धांना मिळतं मग इतर धर्मांतरितांना का नाही, हाही प्रश्न आहे. मी कुणाला दुखवायला विचारत नाही.

खाडीपट्टा

मी उत्तर देतो, कारण मी कोकणी मुसलमान आहे, खेड तालुक्यातला.

धर्मात जात नाही हे खरं, गावात आहे हेही खरं. आमच्या मोहल्ल्यात जमाती म्हणवणाऱ्यांची घरं वेगळी, दालदी मच्छीमार वेगळे, बाहेरून येऊन वसलेले तांबोळी-पिंजारी वेगळे. नमाज एका सफेत (रांगेत), शादी मात्र आपापल्यात. मंडल आयोगाने १९८० च्या अहवालात मुसलमानांतल्या मागास बिरादऱ्या धरल्या, आणि १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातही सुप्रीम कोर्टाने मागास वर्ग हिंदूंपुरता मर्यादित ठेवला नाही. म्हणून तांबोळ्याला मिळतं ते मुसलमान म्हणून मिळत नाही, तांबोळी म्हणून मिळतं. जमीनदार मुसलमानाला मिळत नाही, मिळूही नये.

२०१४ मध्ये सरकारने मराठ्यांना १६ आणि मुस्लिमांतल्या काही गटांना ५ टक्के दिले. हायकोर्टाने नोव्हेंबरात मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, आणि आमचं शिक्षणातलं पाच टक्के चालू ठेवायला परवानगी दिली. नंतर अध्यादेशाची मुदत संपली, कायदा झाला नाही. मराठा समाजासाठी पुढे तीनदा कायदा आला. आमच्यासाठी एकदाही नाही. कोर्टात टिकलेलं सरकारने सोडून दिलं, याचं दुःख मोठं आहे.

बौद्धांबद्दल: १९५० च्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये शिखांना घेतलं, १९९० मध्ये बौद्धांना. दलित ख्रिश्चन आणि दलित मुसलमान अजून बाहेर. २०२२ मध्ये त्यासाठी माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

सावित्रीतीर

एक भर. १९९० हे केंद्राचं. महाराष्ट्रात बौद्धांना राज्याच्या सवलती १९६० पासूनच सुरू झाल्या. मधली तीस वर्षं आमचे लोक राज्यात मागास आणि दिल्लीत नाही, अशी गेली. आंबाघाट, तुमच्या मुलाच्या दोन दाखल्यांचं दुखणं आम्हाला जुनं आहे.

कातळावरचा

हे मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. आभारी आहे. तरी एक विचारतो खाडीपट्टा, वक्फच्या वेळी तुमच्याकडे मोठी गर्दी रस्त्यावर आली. दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी अशी गर्दी का येत नाही?

खाडीपट्टा

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. मी त्या मोर्च्यात होतो आणि हातात काळी फीतही होती. २०२५ च्या दुरुस्तीने "पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे म्हणून वक्फ" ही सोय पुढच्यासाठी काढून टाकली. आमच्या खाडीवरचं कब्रस्तान किती जुनं आहे कुणाला सांगता येत नाही, सातबाऱ्यावर त्याची नोंद धड नाही. आईबाप तिथे पुरलेत. बाईंच्या रजिस्टरासारखंच आहे ते, वस्तू समोर आहे, कागद नाही. त्यासाठी माणूस रस्त्यावर येणारच, आणि त्यात हिंदूंविरुद्ध काही नाही.

पण शिष्यवृत्तीचं तुम्ही म्हणता ते मान्य. २०२२ मध्ये केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आठवीपर्यंतच्या मुलांची बंद झाली, फक्त नववी-दहावीला राहिली. त्याच वर्षी संशोधनासाठीची मौलाना आझाद फेलोशिपही थांबवली. आमच्या जमातीत त्यावर एक सभा झाली नाही. मुसलमानांच्या स्थितीवरचा सच्चर समितीचा अहवाल २००६ चा. त्यात शिक्षणाचं, नोकरीचं, बँकेच्या कर्जाचं सगळं लिहिलं आहे. आमच्यातले जे आखातात गेले त्यांनी घरं बांधली, मशिदी सुंदर केल्या, काही शाळाही काढल्या. जे गेले नाहीत त्यांची मुलं दहावीनंतर बोटीवर जातात. मजहबवर संकट आलं म्हटलं की पुढारी मिळतो, दाखले काढायच्या सेतू केंद्राच्या रांगेत मिळत नाही. हे मी आमच्या बैठकीतही बोलतो आणि त्याबद्दल ऐकूनही घेतो.

बंदरावरलो

माका एक सांगूचा आसा. मी मालवणचो, गाबीत. आमच्या बंदरार गाबीत आसत, भंडारी आसत, ख्रिस्तांव आसत, मुसलमान पण आसत. एलईडी लावून मासे मारणारे इले काय किनाऱ्यार सगळे एक जातत, २०१७ पासून त्येका बंदी आसा तरी ते येततच. पण निवडणूक इली काय जो तो आपापल्या वाडीत. माझ्या शेजारच्या ख्रिस्तांवाच्या आज्याच्या नावासमोर निस्ता "ख्रिश्चन" लिवलेला आसा. धंदो पिढीजात मासेमारीचो, रापण (मोठा जाळा) वढतत, पण तेचो कागद खंय नाय. बाईंनी लिवला ता आमच्याकडे पण तसाच आसा.

माणगावकर

कातकऱ्यांचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. रायगडात मी आदिवासी वाड्यांवर आरोग्याचं काम करते. कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा शाळेचा उतारा त्यांच्याकडे कुठून येणार? दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला जातात, पावसाला परततात. मूल शाळेच्या पटावर असतं आणि भट्टीवर राहतं. वाडी उभी आहे ती जागा बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याच्या नावावर. त्यांचा मोर्चा क्वचित निघतो आणि निघाला तरी तो बातमीत येत नाही. इथे ज्यांच्याकडे दोन दाखले आहेत त्यांचंही दुःख खरं आहे. पण ज्यांना जन्माचाही दाखला नाही त्यांना या चर्चेत धरा.

आंबाघाट

माणगावकर, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही.

परळकरांना एक सांगतो. आमच्या गावात कुणबीवाडीतल्या एका मुलीची पडताळणी अडली होती. वडील मुंबईत वाढलेले, गावचा उतारा सापडत नव्हता. तिच्या चुलत आजोबांचं नाव आमच्या घरच्या जुन्या कुळाच्या कागदात होतं, मोडीत. मोडी वाचणारे शोधले, कागद नेऊन दिला. ती आता परिचारिका आहे. असे कागद माझ्याच नाही, कोकणातल्या बऱ्याच जुन्या घरांच्या माळ्यावर आहेत आणि वाळवी खाते आहे.

परळचा चाकरमानी

हे तुम्ही केलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझं टक्क्यांवरचं म्हणणं तेच आहे आणि तेच राहील. पण आमच्या मुंबईतल्या ग्राममंडळाच्या पुढच्या सभेत कागदांचा विषय मी मांडतो. खोलीच्या भाड्यावर आणि सत्यनारायणाच्या वर्गणीवर जेवढं बोलतो त्याच्या निम्मं यावर बोललो असतो तर बरीच मुलं मार्गी लागली असती.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. परळकर, टक्क्यांचं भांडण खोटं आहे असं मी म्हणत नाही. ५२ टक्के जुनं, १० ईडब्ल्यूएस, १० एसईबीसी, असे ७२ झाले आहेत आणि प्रकरण कोर्टात गेलंच आहे. ते आपल्या हातात नाही. उतारे आहेत.

म्हणून कामाचं लिहिते. ज्यांना शाळेचा उतारा मिळत नाही त्यांनी तहसील कार्यालयात गाव नमुना १४ मागावा, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, लोक कोतवाल बुक म्हणतात ते. त्यात जात लिहिलेली असते आणि शाळेत न गेलेल्यांचीही नोंद सापडते. मुसलमान आणि ख्रिश्चन घरांनी तर हे आधी पाहावं, कारण मास्तराने नुसता धर्म लिहिला तिथे कोतवालाने कधीकधी धंदा किंवा बिरादरी लिहिलेली आढळते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची पडताळणी झाली असेल तर त्याचं वैधता प्रमाणपत्र आणि वंशावळ जोडा, तो मोठा पुरावा धरतात. लग्न झालेल्या मुलींनी माहेरचे कागद लागतात हे लक्षात ठेवावं, सासरचे कितीही आणले तरी चालत नाहीत.

शाळांची जुनी जनरल रजिस्टरं कपाटात कुजत आहेत. एका शाळेत पावसाचं पाणी शिरून चाळीसच्या दशकातलं रजिस्टर चिकटून गेलेलं मी उघडलं, पानं हातात आली. त्यात सगळ्या वाड्यांची पोरं होती. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावात मी ठराव मांडणार आहे की शाळेची १९६७ पर्यंतची सगळी रजिस्टरं छायाचित्रं काढून ग्रामपंचायतीत जतन करावीत. अनुमोदनाला मी मोहल्ल्यातून एक, कुणबीवाडीतून एक आणि बौद्धवाडीतून एक अशी माणसं विचारली आहेत. दोघांनी हो म्हटलं आहे, तिसऱ्यांकडे उद्या जाते.

खेड, मंडणगड, दापोली, महाड इथलं कुणी आपल्या गावात हा ठराव मांडणार असेल तर मसुदा मी इथेच टाकते. माणगावकर, तुमच्या वाड्यांसाठी तो वेगळा लिहावा लागेल. तिथे शाळा नव्हत्या. तुम्ही सांगा काय लिहायचं, मी अक्षर लावते.

माणगावकर

सांगते. आधी वाडीवर बसून म्हाताऱ्यांना विचारते, मग लिहिते.

खाडीपट्टा

खेडमधून मी आहे. मसुदा टाका बाई.